डॉक्टर म्हणाले, ‘ट्रायलमध्ये येता का?’ : पेशंट आणि नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

कोविडच्या काळात ज्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप होतं, त्या प्रत्येकाने हा निरोप एकदा तरी पुढे पाठवला असेल : ‘अर्जंट. बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा. पेशंट आयसीयूत. खाली मुलाचा नंबर.’ लोक रात्री-अपरात्री दाते शोधत फिरले, अनोळखी माणसांच्या हातापाया पडले. त्यामागचा तर्क बिनतोड होता. बऱ्या झालेल्या माणसाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार असतात, ती आजारी माणसाला दिली की त्याचं काम सोपं होईल. डॉक्टरांनाही हे पटत होतं. शिवाय प्लाझ्मा घेतलेले कितीतरी पेशंट बरे होऊन घरी जात होतेच.

त्याच काळात, २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये, आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभरातल्या ३९ रुग्णालयांत मध्यम आजारी अशा ४६४ पेशंटवर याची चाचणी घेतली. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा मिळाला, २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरांनी किंवा नातेवाइकांनी नाही, तर निव्वळ योगायोगाने ठरवलं. २८ दिवसांत ज्यांचा आजार गंभीर झाला किंवा जे दगावले, असे पेशंट प्लाझ्मा गटात ४४ होते आणि दुसऱ्या गटात ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. फरक नाहीच. बरे होऊन घरी गेलेले बहुतेक जण प्लाझ्माशिवायही गेलेच असते. तो दुसरा गट नसता तर हे कुणालाच कळलं नसतं.

निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१ मध्ये. मधल्या काळात दुसरी लाट आली आणि प्लाझ्मासाठीची धावपळ तशीच चालू राहिली. चाचणीचा निकाल लागणं आणि तो लोकांच्या गळी उतरणं यांत किती अंतर असतं, ते यावरून दिसतं.

हा लेख मात्र निकालाच्याही आधीच्या क्षणासाठी आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी ओपीडीत बसलंय आणि डॉक्टर म्हणतात, ‘एक ट्रायल चालू आहे, येता का?’ तेव्हा काय करायचं? मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायल तपासून तिला परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिकाच्या जागेवर बसतो. अशी एक जागा कायद्यानेच ठेवलेली आहे. त्या खुर्चीतून जे दिसतं ते सांगतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो : ट्रायल तुमच्यावर उपचार करण्यासाठी आखलेली नसते, ती औषधाबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आखलेली असते. तुम्हाला फायदा झाला तर उत्तमच, पण ती आखणी तुमच्या फायद्यासाठी केलेली नाही. हे एकदा नीट पचलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप सुचतात.

पहिली पायरी : हे संशोधन आहे का, आणि प्रश्न काय आहे, ते विचारा

‘एक नवीन औषध आलंय, फुकट मिळेल, घ्यायचं का?’ असं वाक्य कानावर आलं की जरा थांबा. आलंय म्हणजे बाजारात आलंय की यायचंय? सरळ विचारा, ‘डॉक्टर, ही ट्रायल आहे का? यातून नक्की काय शोधायचंय?’

संशोधन करणाऱ्या डॉक्टरला याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, ‘हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना सध्याच्या गोळ्यांबरोबर ही एक जास्तीची गोळी दिली तर दोन वर्षांत दुसरा अटॅक येण्याचं प्रमाण कमी होतं का, ते बघतोय.’ या वाक्यात चार गोष्टी आल्या : कुणाला देणार, काय देणार, कशाशी तुलना करणार आणि यश कशावरून मोजणार. यातली एखादी राहिली तर पुन्हा विचारा. डॉक्टरला राग येईल, असं मनात आणू नका. जो या प्रश्नावर चिडतो त्याच्या ट्रायलमध्ये न गेलेलंच बरं.

त्याच बैठकीत टप्पा कोणता तेही विचारून घ्या. पहिल्या टप्प्यात औषध माणसाला झेपतं का आणि किती मात्रेपर्यंत, एवढंच पाहतात. मोजकेच लोक असतात आणि बहुतेकदा ते निरोगी स्वयंसेवक असतात. कॅन्सरसारख्या आजारात मात्र पेशंटच घेतात. दुसऱ्या टप्प्यात औषधाचा काही परिणाम दिसतो का आणि योग्य मात्रा कोणती, हे पाहतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो पेशंट घेऊन खरी तुलना होते. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. पहिल्या टप्प्यातल्या औषधाकडून आजार बरा होण्याची आशा ठेवू नये. तो त्या टप्प्याचा प्रश्नच नाही.

आणि ट्रायल म्हटलं की गोळी-इंजेक्शनच असतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली. ती गावं चिठ्ठी टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे काटेकोर माणूस तेवढा गुण कापेल. पण १९९९ मध्ये निकाल छापून आला तेव्हा तुलनेतल्या गावांपेक्षा नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झालेले दिसले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

दुसरी पायरी : ‘दुसऱ्या गटाला काय मिळणार?’

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नातेवाईक तो सहसा विचारत नाहीत. सगळे नव्या औषधाबद्दल विचारतात.

तुलना करायची तर दोन गट हवेत, आणि दोन्ही गटांतली माणसं सारखी हवीत. आता ती वाटणी डॉक्टरवर सोपवली तर काय होईल? डॉक्टर माणूसच आहे. ज्याची प्रकृती बरी, ज्याला औषध झेपेल असं वाटतं, त्याला तो नकळत नव्या औषधाच्या गटात टाकेल. किंवा उलट, ज्याचं काही खरं नाही त्यालाच, ‘निदान हे तरी देऊन पाहू’ म्हणून. दोन्ही प्रकारांत शेवटी दिसणारा फरक औषधाचा की माणसांचा, हे सांगता येत नाही. म्हणून वाटणी कॉम्प्युटरने काढलेल्या यादीप्रमाणे होते, आणि पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे त्याला ट्रायलमध्ये घेईपर्यंत कुणालाही कळू देत नाहीत.

ही पद्धत रुळली ती ब्रिटनमधल्या क्षयाच्या एका चाचणीनंतर. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं होतं आणि पुरवठा अगदी तुटपुंजा, सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने गट आधीच ठरवून चिठ्ठ्या बंद पाकिटांत ठेवल्या. पेशंट दाखल करायचं ठरलं की मगच पाकीट फोडायचं. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती, कारण अशा पेशंटसाठी तेव्हा तोच उपचार होता. एक्स-रे वाचणाऱ्यांना कुणाला काय मिळालं ते सांगितलेलं नव्हतं. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४. हा निकाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच चाचणीत हेही दिसलं की काही महिन्यांतच जंतू औषधाला दाद देईनासे होतात. क्षयाला एकाच वेळी अनेक औषधं का देतात, त्याचं कारण यात आहे.

आपल्याकडे आता ‘दुसरा गट’ म्हणजे काय, याची उत्तरं साधारण तीन असतात. एक, सध्याचं चांगलं औषध विरुद्ध नवं औषध. दोन, दोन्ही गटांना सध्याचे उपचार आणि त्यावर एका गटाला नवं औषध, तर दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी. तीन, एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला फक्त प्लासिबो. पहिल्या प्रकारात दुसऱ्या गटाला सध्याचं औषध मिळतंच, आणि दुसऱ्या प्रकारात तुम्ही कुठल्याही गटात गेलात तरी सध्याच्या उपचारांना मुकत नाही. तिसरा प्रकार ऐकला तर लगेच विचारा, ‘या आजारावर आज चालणारं औषध आहे का? मग ते का देत नाही?’ किरकोळ आजारात, थोड्या दिवसांसाठी, त्याला कारण असू शकतं. गंभीर आजारावर उपचार असताना ते अडवून ठेवायला कमिटीही परवानगी देणार नाही, द्यायला नको.

गटवाटणीचं सांगून झालं की हमखास कुणीतरी हळूच म्हणतं, ‘साहेब, तेवढं आमच्या माणसाला खऱ्या औषधाच्या गटात टाका ना.’ वशिला लावायची ही इच्छा स्वाभाविक आहे, पण नव्या औषधाचा गट हाच भाग्यवान गट असतो हे कुणी ठरवलं?

अमेरिकेतली ‘कास्ट’ नावाची चाचणी पाहा. हार्ट अटॅकनंतर काहींचे ठोके अनियमित पडतात आणि अशांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ते ठोके आटोक्यात येत होते, ईसीजीवर स्वच्छ दिसत होतं, डॉक्टर विश्वासाने लिहून देत होते. ठोके नियमित झाले म्हणजे माणूस वाचणार, यात शंका कुणाला? मग १४९८ पेशंटवर प्लासिबोशी तुलना झाली. गोळ्यांच्या गटातले ६३ जण गेले, प्लासिबोच्या गटातले २६. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. १९८९ मध्ये चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. त्या चाचणीत वशिला लावून ‘खऱ्या’ औषधाच्या गटात शिरलेल्याने नुकसानच करून घेतलं असतं.

यश कशावरून मोजणार, हा पहिल्या पायरीवरचा प्रश्न इथे परत येतो. ईसीजी सुधारला, साखर उतरली, गाठ लहान दिसली, हे सगळे अर्ध्या वाटेवरचे निकाल. माणूस जास्त जगला का, पुन्हा अटॅक आला का, घरात हिंडता-फिरता येऊ लागलं का, ही मोजमापं पेशंटच्या कामाची. ट्रायल कशावर बेतलेली आहे ते माहितीपत्रकात असतं.

कुणाला काय चाललंय हे पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसेल तर त्याला डबल ब्लाइंड म्हणतात. ‘मला नवीन औषध चालू आहे’ एवढ्या जाणिवेनेही माणसाला बरं वाटतं आणि डॉक्टरलाही तो बरा दिसतो, म्हणून ही लपवाछपवी. मात्र काही विपरीत घडलं तर रात्री दोन वाजताही त्या पेशंटच्या गटाचा झाकलेला संकेत (कोड) उघडून त्याला काय दिलं होतं ते पाहता येतं. तशी सोय आहे का आणि फोन कुणाला करायचा, तेवढं विचारून ठेवा. प्लाझ्माची चाचणी अशी झाकलेली नव्हती, कारण प्लाझ्माची पिशवी लपवणं अवघड. जिथे जमत नाही तिथे जमत नाही, हे मान्य करायचं आणि निकाल वाचताना लक्षात ठेवायचं.

तिसरी पायरी : सीटीआरआयवर नोंद शोधा

हे काम मोबाइलवर पाच-दहा मिनिटांत होतं, फुकट होतं, तरी फारसं कुणी करत नाही. भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, सीटीआरआय. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून सरकारच्या औषध नियामकाने नोंदणी सक्तीची केली. २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून चालत नाही. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या चाचण्याही तिथेच सापडतात.

माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक असतो, तो मागून घ्या. सरावासाठी वर सांगितलेल्या प्लाझ्मा चाचणीचा क्रमांक टाकून पाहा : सीटीआरआय/२०२०/०४/०२४७७५. संकेतस्थळावर अर्थातच तो इंग्रजीत टाकायचा. मधले आकडे नोंदणीचं वर्ष आणि महिना.

पान उघडलं की इंग्रजीच्या भिंतीने घाबरू नका, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला शेजारी बसवा आणि पाचच रकाने पाहा. पैसा कोण लावतंय. कुठल्या रुग्णालयांत चालू आहे आणि त्यात तुमच्या रुग्णालयाचं नाव आहे का. तिथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आहे का. कुणाला घेणार आणि कुणाला नाही. मुख्य मोजमाप कोणतं. या शेवटच्या रकान्यावर माझा विशेष जीव आहे. सुरू करण्यापूर्वीच तिथे ‘२८ दिवसांतले मृत्यू’ असं लिहून ठेवलं असेल, तर नंतर ते जमलं नाही म्हणून ‘ताप लवकर उतरला’ असा डांगोरा पिटता येत नाही. पिटला तरी कुणीही नोंद उघडून विचारू शकतं.

क्रमांक नाही, नोंदच सापडत नाही, ‘ते प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं, तर सही करायची नाही. यावर घासाघीस नको.

चौथी पायरी : कागद घरी आणा, मग सही करा

तुमच्या हातात जे बाड येतं त्याचे दोन भाग असतात : माहितीपत्रक आणि संमतीपत्रक. ते तुम्हाला समजेल त्या भाषेत हवं. आपल्याकडे मराठी प्रत मिळायलाच हवी, आणि नांदेडच्या किंवा सोलापूरच्या सीमेवरच्या पेशंटला हिंदी, कन्नड किंवा तेलुगू हवी असेल तर तीही मागता येते. सही झाल्यावर त्याची एक प्रत तुमच्याकडे राहते. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

बाड जाडजूड असतं आणि सुरुवातीची पानं औषधाच्या गुणगानात जातात. मी वाचायला घेतो ते मधून. आधी ‘धोके आणि गैरसोयी’, मग ‘इजा झाल्यास’, मग ‘तुम्ही सहभागी झाला नाहीत तर कोणते उपचार मिळतील’, आणि शेवटी किती वेळा यायचं, किती वेळा रक्त देणार, एक्स-रे-स्कॅन किती. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर तुम्हीही याच क्रमाने वाचा. जे समजलं नाही त्याखाली पेनाने रेघ मारा आणि तेच पान घेऊन परत जा.

शेवटच्या पानावर दोन रकाने असे असतात की ते पाहून माणसं दचकतात : पेशंटचं वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव. ‘उत्पन्न कशाला? आणि वारस म्हणजे काय, मरणार आहे का मी?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. इन्कम टॅक्सशी त्याचा संबंध नाही. ट्रायलमुळे मृत्यू झालाच तर भरपाई कुणाच्या हाती द्यायची, यासाठी वारस लागतो. बँकेत खातं उघडताना लिहितो तसंच ते. रकाना रिकामा ठेवू नका, आणि ज्याचं नाव लिहाल त्याला तसं घरी सांगूनही ठेवा.

लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हवा. तो ट्रायलशी संबंधित नसावा, समजावणं सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत हजर असावा आणि त्याने सही करावी. अंगठा घेऊन मागाहून वॉर्डबॉयची सही घेतली तर ती साक्ष नव्हे. अगदी नवं रसायन तपासायचं असेल आणि पेशंट गरीब, निरक्षर अशा सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटातला असेल, तर संमतीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी चेहरा न दिसता फक्त आवाज नोंदवला तरी चालतो. गेल्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणातून हा नियम आला.

अशी चित्रीकरणं कमिटीला पाहायला मिळतात. एकात कोऑर्डिनेटर मुलगी सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘आजी, मी इतका वेळ काय सांगितलं ते आता तुम्ही सांगा बरं.’

‘गोळी द्येनार. खरी असंल न्हाईतर खोटी असंल. तुमाला बी ठावं न्हाई, मला बी न्हाई.’

‘आणि मध्येच नको वाटलं तर?’

‘तर सोडायची. डागदर रागावनार न्हाईत म्हनालात. पुन्यांदा इचारते, न्हाई ना रागावनार?’

इतकी चांगली संमती मी शिकल्यासवरल्यांच्या फायलींत क्वचितच पाहिली. याउलट काही चित्रफितींत पेशंट नुसता मान डोलावतो, समजावणारा घड्याळाकडे बघत पानं उलटतो आणि चार मिनिटांत सही होते. असं दिसलं की आम्ही ती संमती पुन्हा घ्यायला लावतो. तुम्हीही आजींचीच युक्ती वापरा : घरी गेल्यावर जेवताना सगळ्यांना आपल्या शब्दांत सांगून पाहा. जिथे अडखळाल तिथे अजून समजलेलं नाही.

‘आजच सही हवी, उद्या जागा भरतील’ असं कुणी म्हणत असेल तर त्याचा अर्थ घाई त्यांना आहे. अपघात, झटका अशा तातडीच्या ट्रायल सोडल्या, तर एक रात्र विचार केल्याने औषध पळून जात नाही.

पाचवी पायरी : पैसे आणि इजा

थोडक्यात सांगतो. ट्रायलसाठी लागणारं औषध, जास्तीच्या तपासण्या यांचं बिल तुम्ही भरायचं नाही. येण्याजाण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी मिळतो, किती ते पत्रकात असतं. पेशंटला मोठ्ठी रक्कम देऊ करणं हे आमिष, आणि कमिटी त्याला हरकत घेते. निरोगी स्वयंसेवकांना मात्र वेळेचा मोबदला मिळतो. त्याचाच धंदा करून एकामागून एक ट्रायलमध्ये जाणारी तरुण पोरं असतात. अंगातलं आधीचं औषध संपायच्या आत दुसरं घेणं धोक्याचं आहे, एवढंच त्यांना सांगेन.

२०१९ च्या नव्या औषधं आणि चाचण्यांच्या नियमांनुसार, ट्रायलदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत. लागतील तितके दिवस, किंवा ती इजा ट्रायलमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. इजा ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर वेगळी भरपाई. तिचं सूत्र ८ लाख रुपये हा पाया धरून पेशंटचं वय आणि आजाराची गंभीरता यांवरून आकडा काढतं. चालू उपचार उपलब्ध असताना नुसत्या प्लासिबोवर ठेवल्यामुळे झालेलं नुकसानही यात मोडतं. डॉक्टरांनी गंभीर घटनेची खबर २४ तासांत नियामकाला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला द्यायची असते. पण ती देण्यासाठी आधी तुम्ही डॉक्टरांना कळवायला हवं. गावाकडे असताना दुसऱ्याच दवाखान्यात दाखल झालात तरी ट्रायलच्या नंबरवर फोन करा आणि तिथल्या केसपेपरची प्रत जपून ठेवा.

बाजारातल्याच औषधांवर कॉलेजातले डॉक्टर जे अभ्यास करतात, त्यांत इजेचा खर्च कोण उचलणार हे आधीच विचारून घ्या. तिथे मोठी कंपनी पाठीशी नसते. याचा अर्थ ते अभ्यास कमी महत्त्वाचे असं मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दातवाले देतात तेच भूल देणारं स्वस्त इंजेक्शन, देऊन पाहिलं. ११ केंद्रांतल्या सुमारे १६०० बायकांवर तुलना झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या ऑपरेशनच्या गटात ८६.४ टक्के, इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के. या इंजेक्शनातून कुठल्या कंपनीला नफा होणार? म्हणून हा प्रश्न सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच विचारायचा होता.

सहावी पायरी : आत गेल्यावर

ठरलेल्या तारखेला जा. गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत न्या, त्या मोजतात. डॉक्टरांना खूश करण्यासाठी चुकलेल्या गोळ्या गटारात टाकणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे पुढच्या हजारो लोकांसाठी चुकीचं उत्तर निघतं.

घरचा काढा, वैद्याची पुडी, मेडिकलवाल्याने दिलेली अंगदुखीची गोळी, सगळं सांगा. साइड इफेक्ट वाटला नाही पण काहीतरी वेगळं वाटलं, झोप उडाली, तोंडाची चव गेली, तेही वहीत लिहा. ते औषधामुळे आहे की नाही हे ठरवायचं काम तुमचं नाही, गटांची तुलना झाली की दिसतं.

सोडावंसं वाटलं तर केव्हाही सोडा. कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. फक्त न सांगता गायब होऊ नका. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो, आणि कोण का गेलं हे न कळलेली ट्रायल पांगळी होते. कुणी सोडण्यावरून दबाव आणला, तर माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा फोन असतो, तो लावा. नाव सांगायचं नसेल तर ट्रायलचं नाव सांगितलं तरी पुरतं. या नंबरवर फार कमी फोन येतात, आणि त्याचं कारण सगळं आलबेल आहे हेच असेल, असं मी धरून चालत नाही.

सातवी पायरी : निकाल वाचा

ट्रायल संपल्यावर तिचं पुढे काय झालं, हे विचारायला पेशंट परत जात नाहीत. जा. आणि पेपरात निकाल आला तर टक्क्याच्या मागे किती माणसं आहेत ते शोधा.

कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २५,७९८ जणांवर झाली. परिणामकारकता ७७.८ टक्के. याचा अर्थ १०० पैकी ७८ जण वाचले आणि २२ जणांना कोविड झाला, असा बऱ्याच जणांनी घेतला. प्रत्यक्षात हिशोबात धरलेल्या प्रत्येक गटात साधारण साडेआठ हजार माणसं होती. त्यातल्या लशीच्या गटात २४ जणांना लक्षणांसह कोविड झाला, प्लासिबोच्या गटात १०६ जणांना. १०६ च्या जागी २४, साधारण ही घट म्हणजे ते ७७.८ टक्के. दोन्ही गटांतल्या बहुसंख्य लोकांना त्या काळात काहीच झालं नाही. ‘धोका निम्म्यावर’ अशी बातमी दिसली की असंच विचारा : किती जणांतून किती, आणि दुसऱ्या गटात किती?

दुसरं पाहायचं ते, निकाल कुणासाठी आहे. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड तपासलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात औषध घेतलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के, न घेतलेल्यांचे १४. म्हणजे त्यांना फायदा नाहीच, झालं तर नुकसान. आपल्याकडे साध्या ताप-खोकल्याला घरच्या घरी स्टेरॉइड सुरू करणाऱ्यांनी बातमीचा पहिला अर्धाच वाचला होता.

शेवटच्या भेटीला जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. मी कुठल्या गटात होतो, हे कधी कळेल? निकाल कुठे आणि केव्हा छापणार? आणि औषध मला लागू पडलं असेल तर पुढे कसं मिळणार? तिसऱ्याचं उत्तर आपल्या नियमांत आहे. त्या आजारावर दुसरा उपचार नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली, तर कंपनीने ते औषध पुढेही मोफत द्यायचं असतं. त्यासाठी तुमची लेखी संमती लागते. हे आपणहून कुणी सांगायला येईलच असं नाही, तेव्हा अर्ज तुम्हीच करा, आणि त्याची एक प्रत कमिटीच्या सेक्रेटरीकडे देऊन पोच घ्या.